भाऊजींचं इंजिन मापात आणताना

रविवार, कार्तिक संपत आलेला. जागा: जऊळका, ताईच्या घराचं अंगण. वेळ: जेवणं आटोपल्यानंतरची.

हजर: भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रेल्वेतून इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त, खाटेवर बसलेले. ताई, उंबऱ्याशी, लसूण सोलत. मी, सकाळच्या गाडीने वाशीमहून आलेली. भाचा, पुण्यात, पण फोनवर हजर. आणि खोक्यातून नुकतंच बाहेर काढलेलं एक डिझेल इंजिन, लांबी वीतभरही नसेल.

अशी नोंद मी कुठल्याही कामाच्या आधी करते. बांधकाम विभागात आरेखक म्हणून माझी बरीचशी नोकरी झाली आहे. मोजणीला गेलं की आधी वार, मग कोण कोण हजर, मग मापं. घरच्या कामांनाही तीच शिस्त लावल्याशिवाय माझं चालत नाही. सासूबाईंची औषधं, रिठदच्या शेतातली तूर, गॅसचा नंबर, प्रत्येकाची यादी असते. त्या दिवशी त्यात एका इंजिनाची भर पडली.

भाऊजींना काचबिंदू आहे. एक डोळा कधीचाच गेला. दुसऱ्याची कडेची नजर गेली होती आणि मधली तेवढी उरली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, थेंब आहेत ते उरलेली सांभाळायला, आणि ती किती दिवस सांभाळली जाईल ते सांगता येत नाही. मी भाऊजींना विचारलं होतं, नेमकं कसं दिसतं? ते म्हणाले, "बोगद्यात असतानी बाहेरचा उजेड दिसते ना, गोल? तसं. फक्त माही गाडी मांगं चालून राह्यली. गोल लहान लहान होऊन राह्यला."

हे ऐकून भाच्याने पुण्याहून विचारलं होतं, बाबा, काही बघायचं राहिलं आहे का? कुठे जायचं असेल तर गाडी करतो. भाऊजी म्हणाले, "माह्यं इंजन पाहाचं हाय. एकडाव, पुरं."

ते शक्य नव्हतं. भाऊजींची सगळी नोकरी छोट्या लाईनवर गेली, पूर्णा ते अकोला आणि त्याच्याही पुढे. ती लाईन उखडली, तिच्या जागी मोठी लाईन आली, इंजिनं कुठे कुठे गेली. भाच्याने शोध घेतला आणि असली छोटी इंजिनं घरी बनवणाऱ्या एका हौशी माणसाकडून हे करवून घेतलं. बाहेरचं अंग त्याने प्लास्टिकचं केलं होतं, आणि चाकं-मोटर तयार मिळते ती खाली बसवली होती. खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. म्हणजे खरी सत्त्याऐंशी सेंटिमीटरची वस्तू इथे एक सेंटिमीटरची.

"बाबा, कसं आहे?" फोनमधून भाचा.

"मस्त हाय रे पोरा. एकच नंबर."

फोन बंद झाला. भाऊजींनी इंजिन डोळ्याशी धरलं. त्यांना जवळची वस्तू एकदम पूर्ण दिसत नाही, त्यामुळे ते इंजिन थोडं थोडं सरकवत होते, कणसाचे दाणे पाहावेत तसं. बराच वेळ. मग ते खाली ठेवून म्हणाले, "हे आपलं इंजन नोहे."

"काहून? आता काय झालं त्याले?" ताई.

"काय झालं ते सांगता येत नाई. पन नोहे."

"पोरानं इतक्या हौसेनं करून धाडलं. तुमाले तं लग्नातली मीबी पसंत नव्हती."

"तुले पाहाले येल्लो तवा उजेड कमी होता."

"आन आता जास्त हाय!"

दोघंही हसली. मी हसले नाही, कारण माझ्या हातात तोवर कागद आला होता. ऑफिसातल्या जुन्या नकाशांच्या मागच्या बाजू कोऱ्या असतात, त्या मी कापून पर्समध्ये ठेवते. म्हटलं, भाऊजी, नोहे म्हणून चालणार नाही. एकेक सांगा. काय चुकलं आहे?

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. कठडे जाड. हॉर्न चुकीच्या जागी. दाराची मूठ नाही. दिव्याची काच सपाट, खरी फुगीर होती. खिडकीची चौकट रुंद. पायऱ्या कमी. यादी पानभर झाली. माझ्याजवळ बारीक कामाचे हात आहेत आणि मापपट्टी आहे, एवढ्या भरवशावर मी म्हणाले की मी हे दुरुस्त करून देते. त्यात उत्साह किती होता आणि ताईच्या तोंडाकडे पाहून केलेलं किती होतं ते मला सांगता येणार नाही. ताई दिवसातून चार वेळा थेंब टाकते. एक थेंब झाला की मध्ये पाच मिनिटं थांबून दुसऱ्या बाटलीतला. त्या दोन थेंबांच्या मध्ये ती जी बसते, ते बसणं मी पाहिलं आहे.

इंजिन वाशीमला आलं. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा मी जुना नकाशा अंथरून अडवला आणि घरच्यांना बजावलं की इथे ताट ठेवायचं नाही.

पहिलं काम कठड्यांचं. इंजिनाच्या अंगाबरोबर चालायला जी अरुंद वाट असते तिच्या कडेने धरायला नळ्या असतात, ते कठडे. त्या माणसाने तिथे मिलिमीटरभर जाडीची तार लावली होती. सत्त्याऐंशीने गुणलं तर तो कठडा खऱ्या इंजिनावर बांबूएवढा जाड झाला असता. कुणाची मूठ त्याच्याभोवती मिटली नसती. भाऊजींना काय खटकलं ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी बिघडलेल्या चार्जरची वायर सोलली, आतल्या तांब्याच्या बारीक तारा काढल्या, एकेक तार दोन पट्ट्यांमध्ये लाटून सरळ केली आणि टाचणीने पाडलेल्या भोकांत रोवली. एक बाजू करायला दोन आठवडे गेले, कारण मला रोज जेमतेम अर्धा तास मिळायचा, संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी. मानेच्या मणक्यांनी हरकत घेतली. जवळचा चष्मा आणि त्यावर दुकानातून आणलेलं भिंग, असं दोन्ही लावून वर पाहिलं की स्वयंपाकघर पोहत असायचं.

मूठ टाचणीच्या डोक्याची केली. दिव्याला फेविकॉलसारख्या पारदर्शक गोंदाचा थेंब लावला, तो वाळून फुगीर राहिला. हॉर्न उपटून पुढे नेले. प्रत्येक कामापुढे मी बरोबरची खूण करत होते, आणि खरं सांगायचं तर त्या खुणांसाठीच ती कामं आधी घेतली होती. दमलेल्या माणसाला छोटी कामं बरी वाटतात. होऊन जातात.

उरली उंची. ती भाऊजींनी सांगितली नव्हती, मीच यादीत घातली होती. सगळे बारीक भाग मापात आणायचे आणि मुख्य अंगाची तपासणी करायची नाही, हे मला पटत नव्हतं. ताईकडे एक फोटो आहे. भाऊजी ऐन उमेदीतले, जऊळक्याच्या फलाटावर उभे, मागे त्यांचं इंजिन, पायाशी त्यांची लोखंडी पेटी. ड्रायव्हर लोक ड्युटीवर नेत असत ती, डबा, कंदील, कपडे ठेवायची. फोटो बाजूने काढलेला आहे, फलाटावर उभं राहूनच, त्यामुळे फलाटाच्या कडेखाली इंजिनाचा जो भाग जातो तो झाकला गेला आहे.

ती पेटी अजून ताईच्या घरात आहे, तिच्यात हरभऱ्याचं बी असतं. मी पेटी मोजली. फोटोत पेटी एवढी, इंजिनाचं छत तेवढं, तर खरी पेटी इतकी म्हणजे खरं छत फलाटापासून किती, हे साधं त्रैराशिक. पेटी थोडी पुढे आणि इंजिन मागे, त्याची सूट धरली. फलाटाच्या वरचं माप मिळालं. खालचं, म्हणजे रुळापासून फलाटापर्यंतचं, पाहिजे होतं. ते तर स्टेशनवर उभंच होतं.

पुढच्या रविवारी जऊळक्याला उतरल्यावर मी गाडी निघून जाऊ दिली आणि पर्समधून टेप काढला. फलाटाच्या टोकाला बसून टेपचं टोक खाली सोडत होते, तेवढ्यात हिरवी-लाल झेंडी काखेत धरून एक रेल्वेचा माणूस आला.

"ओ मॅडम, काय मोजून राह्यल्या?"

"फलाटाची उंची."

"काहून? पडून पाहाचं हाय का?"

"नाही हो. एका इंजिनासाठी पाहिजे."

त्याने माझ्याकडे, टेपकडे आणि रिकाम्या रुळांकडे पाहिलं. "कोनतं इंजन?"

"घरी आहे."

"घरी हाय," तो म्हणाला आणि पुढे काही विचारायचं नाही असं त्याने ठरवलं असावं. "उठा बरं तिथून. आकडा पाहिजे तं मी सांगतो." त्याने सांगितला, मी तरी माझा टेप पाहून घेतला. दोन्ही जुळले. मी निर्धास्त झाले.

वरचं अधिक खालचं, भागिले सत्त्याऐंशी. उत्तर आलं की त्या हौशी माणसाने इंजिन चांगलं पाच मिलिमीटरने बुटकं केलं आहे. मला त्याचा रागच आला. इतकी मोठी चूक! मी इंजिनाचं अंग चाकांच्या सांगाड्यापासून वेगळं केलं, प्लास्टिकच्या पट्ट्या कापल्या, खाली चिकटवून सगळं अंग उचललं, फट पुट्टीने भरली, घासली, पुन्हा रंग दिला. माझे नवे कठडे त्यात दोनदा तुटले, दोनदा लावले. आमच्याकडे तोवर तुरीची सोंगणी सुरू झाली होती. नवरा आठवडाभर रिठदला, सासूबाईंना खोकला, ऑफिसात डिसेंबरची गडबड. एका संध्याकाळी भाजी कापताना माझ्या बोटाला राखाडी रंग लागलेला दिसला आणि मला आठवेना की तो आजचा की कालचा.

पौषातला रविवार. जागा तीच. हजर तेच, भाचा सोडून.

यादीतल्या सगळ्या कामांपुढे खुणा झाल्या होत्या. मी इंजिन भाऊजींच्या हातात दिलं. त्यांनी पुन्हा ते डोळ्याशी धरून सरकवत पाहिलं. कठड्यापाशी थांबले. नखाने तारेला हलकं टेकवून म्हणाले, "हां. हा झाला कठडा. हात बसते याच्यावर." मुठीपाशी थांबले. "बाईसाहेब, हे कशाचं केलं?"

"टाचणीचं."

"टाचनीचं! पाह्य व, तुह्या बहिनीनं टाचनीची मूठ केली."

"मले नोका दाखू. मले तिनं एक ब्लाउज शिवून देतो म्हटलं होतं, तीन दसरे गेले," ताई म्हणाली. पण ती उठून आली आणि वाकून पाहून गेली.

मला वाटलं, झालं. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "आता हे तिकडं ठेव. त्या वट्ट्यावर. मले दूरून पाह्यू दे."

अंगणाच्या पलीकडे तुळशीजवळ एक वट्टा आहे. मी इंजिन तिथे आडवं ठेवलं. दुपारचं ऊन थेट त्याच्यावर होतं. भाऊजी खाटेवरून मान हळूहळू फिरवत होते, गोलात इंजिन सापडेपर्यंत. सापडलं तसे ते स्थिर झाले.

तेव्हा मला समजलं की जवळून त्यांना तुकडेच दिसत होते आणि अख्खं इंजिन त्यांच्या गोलात मावायला ते एवढं लांब ठेवावं लागत होतं. एवढ्या लांबून माझ्या तारा, मूठ, दिव्याची काच, काहीच दिसणार नव्हतं. मलाही दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त बाह्यरेषा.

"हे कोंबड्यावानी टाचा उचलून काहून उभं हाय?" भाऊजी म्हणाले.

"म्हणजे?"

"लय उच्चं झालं. पह्यले असं नव्हतं."

"भाऊजी, मी मोजलं आहे. फोटोवरून काढलं आहे. फलाट स्वतः टेपने मोजला."

"कोनता फलाट?"

"आपला. जऊळक्याचा."

भाऊजींना असं हसू आलं की खाट कुरकुरली. "अवं, तो फलाट मोठ्या लाईनचा हाय. छोट्या लाईनचा कुठी एवढा होता? मोठी लाईन टाकली तवा त्याच्यावरच भर टाकून उच्चा केला. बाईसाहेब, मले त्या फलाटावर पाय ठेवाले पाय लय उचलावा लागत नव्हता."

"आमी पोरं तिथून उड्या मारत होतो, लहानी," ताई म्हणाली. "तूबी होती. इसरली का?"

विसरले नव्हते. आमचं माहेरही जऊळक्याचंच. पण त्या फलाटावर मी इतक्या वेळा चढले-उतरले आहे, वर छपरी बदलली, पाटी बदलली, बाकं बदलली, आणि तरी मनात तो तोच फलाट राहिला. इथल्या कुणालाही विचारा, जऊळक्याचं स्टेशन कुठे, तर तेच दाखवतील. नवं स्टेशन असं कुणी म्हणत नाही. बाहेरचा माणूस असता तर त्याने आधी विचारलं असतं की हे बांधकाम कधीचं. मी रोज नोकरीत दुसऱ्यांना हेच विचारते.

थोडक्यात, त्या हौशी माणसाने धरलेली उंची जवळपास बरोबर होती. ती मी चूक केली होती, महिनाभर खपून.

परतीच्या गाडीत मी खोका मांडीवर घेऊन बसले होते. वाईट वाटणं वगैरे काही झालं नाही. फक्त दमले होते. नवी यादी करायला कागदसुद्धा काढावासा वाटला नाही. घरी जाऊन पोळ्या करायच्या होत्या.

चिकटवलेलं काढणं हे चिकटवण्यापेक्षा किती अवघड असतं ते ज्याने केलं आहे त्यालाच ठाऊक. पट्ट्या ब्लेडने खरवडून काढल्या. कठडे पुन्हा एकदा लावले, पण या वेळी साधेच लावले, कारण लांबून ते दिसणार नाहीत हे आता माहीत होतं. उंची जुन्या जागी आली. तेवढ्यात ताई-भाऊजी अकोल्याला तपासणीला जाऊन आले. ताईचा फोन आला. मी भाऊजींबद्दल विचारलं तर ती डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या गर्दीबद्दल बोलत राहिली. मग म्हणाली, "लहानी, ते इंजन झालं का?"

ही तीच, जी मागच्या खेपेला 'मले नोका दाखू' म्हणाली होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काय म्हनन? आनखी कमी झाली म्हने. सकाळी मले इचारून राह्यले, उजेडलं का? ऊन अंगावर होतं त्याइच्या." मग लगेच म्हणाली, "तू लवकर घेऊन ये बाप्पा. पुरं झालं नसन तरी घेऊन ये."

माघातला रविवार. हजर: भाऊजी, ताई, मी. इंजिन वट्ट्यावर, उन्हात.

भाऊजींनी खाटेवरून पाहायचा प्रयत्न केला. मान फिरवली, पुन्हा फिरवली. ताई त्यांच्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं हलकेच वळवत होती. "इकडं. अजून इकडं. दिसलं?" सापडायचं, पण गोल इतका आवळला होता की पूर्ण लांबी मावेना. मी वट्टा सोडून इंजिन अंगणाच्या टोकाला, कुंपणाशी नेऊन ठेवलं. तिथे मावलं असेल, पण तिथून ते अंधुक झालं. पुढे आणलं की मावत नव्हतं, मागे नेलं की पुसट. मी चार-पाच वेळा पुढे-मागे केलं. चपलेत खडे जात होते.

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "आडवं नोको. उभं ठेव. तोंड माह्याकडं कर."

मी इंजिन वळवलं, त्यांच्याकडे तोंड करून वट्ट्यावर ठेवलं. समोरून इंजिन अंगठ्याएवढं रुंद. ते त्यांच्या गोलात सहज मावलं असावं, कारण त्यांचं डोकं एकदम थांबलं. ताईने हात काढून घेतले.

"ड्युटीवर निघालो की मले हे असंच दिसे," ते म्हणाले. "समोरून. सकाळचं आपल्याकडं तोंड करून उभं."

बराच वेळ ते पाहत राहिले. मग म्हणाले, "आता समजलं."

"काय?"

"मी पह्यल्या दिवशी म्हटलं होतं का नाई, हे आपलं नोहे? सांगता येत नव्हतं. पाह्य त्याले. पाय फाकवून उभं हाय."

मी जाऊन त्यांच्या खाटेशी वाकले, त्यांच्या डोक्याच्या उंचीवरून पाहिलं. खरंच होतं. वरचं अंग अरुंद आणि खाली दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून लांब, रुतलेली बैलगाडी खांद्याने रेटणाऱ्या माणसाच्या पायांसारखी. मी पर्समधून पट्टी काढली. चाकांमधलं अंतर मोजलं. सत्त्याऐंशीने गुणलं. जवळजवळ दीड मीटर. छोट्या लाईनचे, म्हणजे मीटरगेजचे, रूळ एकमेकांपासून मीटरभर अंतरावर असतात. मोठ्या लाईनचे त्याहून बरेच जास्त, दीड मीटरच्याही वर. हे आपलं मधलंच काहीतरी होतं. त्या माणसाने तयार मिळणारी चाकं बसवली, ती परदेशी रुळांच्या मापाची असणार.

फोटो बाजूने काढलेला. भाऊजी जवळून बाजूच सरकवत पाहायचे. मी बाजूचीच मापं काढत बसले. जी रुंदी मोजायला फोटोही नको, फलाटही नको, लाईनचं नाव घेतलं की कळते, तिला पट्टी लावायचं मला या तीन महिन्यांत सुचलं नाही.

"हे दुरुस्त होते?" भाऊजींनी विचारलं.

"होईल. पण चाकं आत घ्यायची तर मोटर काढावी लागेल. मग ते चालणार नाही. पोराने चालणारं म्हणून घेतलं आहे."

"चालवाचं कोनाले हाय? पेन्शनीत आलो मी." मग आवाज खाली घेऊन, "मले नीट उभं असलेलं पाहाचं हाय. बस."

"किती दिस लागन?" ताईने विचारलं. तिने ते माझ्याकडे न पाहता विचारलं, खाटेची चादर सारखी करता करता.

मी ऑफिसात असते तर चार आठवडे सांगितले असते. मी म्हणाले, "लवकर करते."

त्या रात्री भाच्याला फोन करून मोटर काढायची परवानगी घेतली. तो म्हणाला, मावशी, काहीही कर. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत वाशीमच्या पाटणी चौकाच्या पुढे लेथ मशीनचं एक दुकान आहे तिथे गेले. ट्रॅक्टरचे भाग, पंपाचे शाफ्ट अशी कामं करणारा माणूस. चाकांचे सहा कणे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने ते तांदूळ निवडावेत तसे पाहिले.

"ताई, हे काय हाय?"

"इंजिनाचे ॲक्सल."

"कोन्या इंजनाचे, मुंगीच्या?"

काय करायचं त्याचा मी नकाशा काढून दिला होता: चाकं उपटायची, कणा दोन्ही टोकांनी इतका कमी करायचा, चाकं पुन्हा सरळ बसवायची, जराही डुलता कामा नयेत. त्याने नकाशा नीट वाचला आणि सांगितलं की एवढं बारीक त्याच्या मशीनच्या जबड्यात धरलं जात नाही. धरायला आधी एक वेगळी पितळी नळी करावी लागेल. सध्या मळणीयंत्रांची कामं अंगावर आहेत. पुढच्या आठवड्यात पाहतो. पुढच्या आठवड्यात गेले तर नळी झाली होती, कणे तसेच होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक कणा झाला होता, पण चाक किंचित तिरकं बसलं होतं. मी ते फिरवून दाखवलं, त्याने मान्य केलं आणि परत ठेवून घेतलं.

आता फाल्गुन लागला आहे. ऑफिसात मार्चअखेर, रोज उशीर होतो. ताईचा एक दिवसाआड फोन येतो. ती चाकांबद्दल विचारत नाही, जेवलीस का विचारते. काल म्हणाली, ते सकाळी अंगणात बसून वट्ट्याकडे तोंड करतात, तिथे काही नसतं तरी. आणि थेंबांच्या मध्ये आता पाच मिनिटं थांबायला त्यांचा धीर होत नाही.

इंजिन माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर दोन खोडरबरांवर टेकवून ठेवलं आहे. मोटर काढून झाली. आतला सांगाडा दोन्ही बाजूंनी घासून अरुंद केला. रंगाचा हात दिला. कणे अजून लेथवाल्याकडे आहेत. उद्या सोमवार, त्याचं दुकान बंद असतं. मंगळवारी ऑफिसला जायच्या आधी जाऊन आणायचे, आणि जमलं नसेल तर तसेच आणायचे, घरीच कानशीने घासायचे. चाकं बसवायची राहिली आहेत.